झाकणाच्या कागदावरचा श्री

आमच्या घरी कोऱ्या कागदावर आधी श्री काढायचा, मग बाकीचं. वडील रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. विदर्भातून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. मी सातवीत असताना त्यांनी मला टी-स्क्वेअर धरायला शिकवलं, पण त्याच्याही आधी श्री काढायला शिकवलं. डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात, कडक शिशाच्या पेन्सिलीने, इतका फिका की आपल्याला दिसावा आणि छापात येऊ नये. देव आपला, कागद सरकारचा, असं म्हणायचे. पुढे मी एका सरकारी खात्यात बत्तीस वर्षं नकाशे काढले. पाण्याच्या टाक्या काढल्या, पूल काढले, गोदामं काढली. त्या प्रत्येक कागदावर माझा एक श्री आहे आणि तो माझ्याशिवाय कोणी पाहिलेला नाही. गेल्या मे महिन्यात तो मला उलटा दिसला. त्या दिवसाची भीती अजून अंगातून गेलेली नाही. लिहून जाईल असंही वाटत नाही, पण बघते लिहून.

माझा भाऊ माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मी सतराची. वडील सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे, म्हणून त्याला वाढवला तो मी. खोटं कशाला बोलू, मारूनमुटकून वाढवला. राग माझ्या नाकावर. पाढे म्हणताना अडला की वडिलांची लाकडी फूटपट्टी त्याच्या बोटांवर बसायची. "काहून", म्हणजे का, असं विचारलं की आणखी एक. मार चुकवायला तो दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. मला त्याचा आणखी राग यायचा, कारण हात दिसले नाहीत की मारणार कुठे? आज आठवलं की माझीच मला लाज वाटते. तेव्हा एकच धास्ती होती, बिनआईचा पोट्टा वाया जाऊ नये.

वाया गेला नाही. एका कारखान्याच्या बॉयलरवर तीस वर्षं काढली, लग्न केलं, शंकर नगरातच माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून घर बांधलं. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझा डबा त्याच्या घरून येतो आणि त्याच्या घरातली भांडणं माझ्याकडे येतात. निवृत्त झाल्यावर माणसाने गच्चीत कुंड्या लावाव्यात, मंदिरात जावं. यानं नको तेच काढलं.

झालं असं की आमच्याकडे गच्चीवर चादर वाळत घातली की संध्याकाळपर्यंत तिच्यावर काळी भुकटी बसते. भट्ट्यांची, भुसा जाळणाऱ्या मिलांची. आम्ही जन्मभर झटकत आलो. एके दिवशी त्यानं चादरीवरून बोट फिरवलं, ते काळं बोट मला दाखवलं आणि म्हणाला, आगीबिगर वाफ काढता आली तर? मी म्हटलं, आधी हात धू. चार दिवसांनी तो एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी काढून घेऊन आला. एक मोठं पिंप आणि त्याच्या पोटात गोल गोल रेघा. मी विचारलं, रांजणात जिलेबी काहून काढली?

ती जिलेबी म्हणजे पाण्याची नळी. पिंपात भरायचा स्लॅग, म्हणजे भट्टीतून लोखंड काढून घेतल्यावर उरतो तो काळा दगड. आमच्याकडे त्याचे डोंगर पडलेत, फुकट नेलात तरी कोणी नाही म्हणत नाही. दिवसभर छतावरच्या सोलरची वीज त्या दगडात सोडायची आणि तो तापवून ठेवायचा. मग वाटेल तेव्हा नळीतून पाणी सोडलं की दुसऱ्या टोकाला वाफ. आमच्याकडच्या मिलांना उसना, म्हणजे उकडा तांदूळ करायला वाफच लागते. आग नाही, धूर नाही, भुकटी नाही. आणि दगड एकदा तापला की लवकर निवत नाही, हाच सगळा गुण आहे त्याचा, असं तो पुन्हा पुन्हा सांगायचा. हा गुण मला त्याच दिवशी आवडला नव्हता.

कारण वाफेची भीती मला त्यानंच घातलेली. नोकरीत असताना एकदा सांगत होता की जोराची वाफ नळीच्या तोंडाशी दिसतच नाही. पांढरं दिसतं ते पुढे, गार व्हायला लागल्यावर. बॉयलरवरची जुनी माणसं नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगतात: दिसते तिथे भिऊ नको, दिसत नाही तिथे भी. त्याच्या सोबतच्या एकाचा हात कोपरापासून मनगटापर्यंत कसा झाला होता, तेही त्यानं जेवताना सांगितलं होतं. मी पानावरून उठले होते.

म्हणून मी आधी साफ नाही म्हटलं. आठवडाभर बोर्डाला हात लावला नाही. पण त्याची चित्रं बघवेनात हो. कॅलेंडरच्या पाठीवर, विजेच्या बिलावर, वाकडीतिकडी, एकाला माप नाही. कॉम्प्युटरवाल्याकडे जाईना, म्हणे रोज बदलतं, अजून कच्चं आहे, चार लोकांत हसं होईल. शेवटी मीच अडगळीतून बोर्ड काढला. भीतीपेक्षा वाकडी रेघ मला जास्त सहन होत नाही, हा माझा दोष.

दोन महिने आम्ही असं काम केलं. तो कच्चं आणायचा, मी पक्कं करायची, आणि करता करता त्याच्या चुका न सांगता सुधारायची. पिंपाचे पाय एका बाजूला आले होते, ते सरकवले. एक आधार विसरला होता, तो टाकला. पहिल्यांदा त्यानं विचारलं, "ताई, हा पाय इथं काहून घेतला?" झालं, माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बत्तीस वर्षं मी नकाशे काढले का गवत उपटलं? माझ्या रेषेले काहून म्हणून नाही विचारायचं." तो हसला. त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही. मला वाटलं, पटलं त्याला.

शेवटी तीन कागद झाले. एक पिंपाचा, एक जिलेबीचा, एक झाकणाचा. झाकणावर कडेने बारा बोल्टांची भोकं, पुढच्या बाजूला नळीची दोन टोकं बाहेर यायला दोन भोकं, आणि उजवीकडे सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड, आडवं बाहेर निघालेलं. आत वाफ जास्त झाली तर व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि या तोंडातून वाफ बाहेर फेकतो. हे तोंड उजवीकडे, कारण उजवीकडे मोकळं शेत. डावीकडे, पिंपाच्या अंगालाच, दाबाचा काटा, आणि काट्यापुढे खुर्ची टाकून तो बसणार.

झाकणाचा कागद मी दुपारी लावला. ट्रेसिंग पेपरवर श्री काढला, पेन्सिलीने सगळ्या रेघा काढल्या, तोंड उजवीकडे काढलं. तेवढ्यात वीज गेली. मेमधली दुपार, पंखा बंद, कपाळावरून घाम टपकायला लागला. ट्रेसिंगवर घामाचा थेंब पडला की कागद फुगतो, म्हणून मी तो काढून पलंगावर ठेवला आणि वरून चादर घातली. भाऊ येऊन त्याचं कच्चं चित्र घेऊन गेला. संध्याकाळी आंधी आली, वीज आलीच नाही. मला मात्र काम संपवायचं होतं. इमर्जन्सी दिव्याच्या उजेडात कागद पुन्हा बोर्डावर लावला, पेन्सिलीच्या रेघांवरून शाई फिरवली, शेवटी अक्षरं आणि मापं घातली. ट्रेसिंगचा कागद पारदर्शक, रेघ दोन्हीकडून सारखीच दिसते. तो पालथा लागला होता हे मला समजलं नाही. अक्षरं मी नंतर लिहिली, म्हणून ती सरळ आली. बाकी सगळं डाव्याचं उजवं झालं.

दुसऱ्या दिवशी त्याची फोटोकॉपी भनपुरीला गेली, तिथे एक फॅब्रिकेशनवाले भैया पिंप बनवत होते. पिंप तयार होऊन अभनपुरजवळच्या एका मिलच्या मागे उभं राहिलं, मालकानं तेवढा कोपरा वापरायला दिला होता. आणि चाचणीचा दिवस आला. मी गेले नाही. भीती वाटते असं सांगितलं नाही, गुडघे दुखतात असं सांगितलं.

त्या सकाळी दहाच्या सुमाराला मी तिन्ही ट्रेसिंग गुंडाळून कपाटात ठेवत होते. शाई कुठे फुटली आहे का पाहायला एकेक कागद खिडकीशी धरला. तिसऱ्या कागदावर उजवीकडच्या कोपऱ्यात काहीतरी फिकं दिसलं. डाग म्हणून मी बोटाने पुसायला गेले. तो श्री होता. माझाच, पण उलटा, आरशातला.

मी कागद घेऊन पलंगावर बसले. कागद पलटला. श्री डावीकडे आला, सरळ झाला, आणि व्हॉल्व्हचं तोंड शेताकडे गेलं. पुन्हा पलटला. अक्षरं सरळ झाली आणि तोंड खुर्चीकडे. असं मी चार वेळा केलं असेल, जणू पाचव्या वेळी काही वेगळं दिसणार होतं.

त्याला फोन लावला. उचलेना. दोनदा, तीनदा. मग भावजयीला लावला तर ती म्हणाली, त्यांचा फोन तर इथं टीव्हीपाशीच वाजून राहिला ताई, सकाळी विसरून गेले. मिलवाल्याचा नंबर तिच्याकडे नव्हता. माझ्याकडे भनपुरीचा होता. त्यांना विचारलं की झाकणावरचं तोंड कोणत्या बाजूला ठेवलं. मनात आशा होती की त्यांच्या लक्षात आलं असेल, त्यांनी बदललं असेल. निदान झाकण फिरवून बसवलं असेल. पण नळीची टोकं पुढूनच निघतात, झाकण फिरवलं तर ती अडतात. डावं-उजवं झालेलं झाकण मात्र चपखल बसतं, बाराच्या बारा भोकं जुळतात. ते मला बोर्डावर न जाताच समजत होतं.

भैया म्हणाले, "दीदी, हमने तो पूछा था कि मुँह कुर्सी तरफ क्यों है. आपके भाई बोले, दीदी ने खींचा है तो सोच के खींचा होगा, वैसा ही बनाओ."

मी फोन ठेवला नाही, तो हातातून खाली गेला.

कोपऱ्यावरच्या ऑटोवाल्याला अभनपुर म्हटलं तर तो म्हणाला, माताजी, बस से जाओ, दूर है. मी आत बसले आणि चल म्हटलं. त्या रस्त्याने मी शंभरदा गेले असेन, पण त्या दिवशी प्रत्येक ट्रक माझ्याच आडवा आला. सगळा वेळ डोक्यात हिशेब चालू होता. आठला वीज सोडली असेल. दगड तापायला तीन तास. अकराला पाणी सोडणार. पाणी सोडलं की काटा चढायला लागणार. आणि आज त्याला तेच पाहायचं होतं, काटा कुठवर चढतो आणि व्हॉल्व्ह कोणत्या आकड्याला उडतो. म्हणजे व्हॉल्व्ह उडणारच होता. त्यासाठीच तो बसला होता. आणि त्याच्या तोंडासमोर तोंड मी ठेवलं होतं. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर डोळ्यापुढे उलटा श्रीच यायला लागला. मग नावही घेतलं नाही. नुसतं "थांब रे, थांब रे" म्हणत राहिले. ऑटोवाल्याला वाटलं त्याला म्हणते, त्यानं एकदा खरंच थांबवली.

मिलच्या मागे पोचले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. चंदेरी रंगाचं पिंप, माझ्याहून दीडपट उंच, अगदी माझ्या कागदातून उठून आल्यासारखं, सगळं मापात. पिंपाला लागून लोखंडी माचाण, त्यावर लाल प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर माझा भाऊ, मांडीवर वही. आणि त्याच्या कानापासून दोन हातांवर ते तोंड, त्याच्याकडे वळलेलं.

"उठ," मी म्हटलं.

"ताई? तू कशी आली? थांब, दोन मिनिटं, आकडा लिहून घेतो."

"उठ तिथून. कागद पालथा झाला. माझी चूक झाली."

माझी चूक झाली, हे शब्द मी त्याच्यासमोर साठ वर्षांत कधी उच्चारले नव्हते. त्यानं वर त्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मुकाट्यानं माचाणावरून उतरला. खाली येऊन त्यानं विजेचा खटका पाडला. मला वाटलं, संपलं. पण तो मला हाताला धरून शेताकडे नेऊ लागला. मी म्हटलं, आता कशाला, बंद केलं ना? तो म्हणाला, दगड कुठं बंद होतो ताई.

हाच त्याचा गुण. आम्ही शेताच्या बांधावर बाभळीखाली उभे राहिलो. मिलमधली दोन माणसं आली, त्यांनाही त्यानं लांब उभं केलं. काही होत नव्हतं. कावळा येऊन माचाणाच्या कठड्यावर बसला आणि उडून गेला. भाऊ म्हणाला, अजून बराच वेळ आहे, काटा लाल रेघेपाशी आला की मी उठणारच होतो. त्याचं बोलणं संपलं नसेल तेवढ्यात असा आवाज झाला की माझ्या छातीत बसला. तोंडापाशी काहीच दिसलं नाही. खुर्चीच्या पलीकडे पांढरा लोट उठला. मधे, जिथे काही दिसत नव्हतं, तिथे ती लाल खुर्ची हळूच पुढे वाकली, तिची पाठ लोंबली, आणि ती माचाणावर पसरली. वही कुठे गेली ते समजलंच नाही.

किती वेळ ते चाललं कोणास ठाऊक. थांबल्यावर मी पाहिलं तर मी त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरलेली होती, आणि शिवण उसवली होती.

"काटा लालपाशी नव्हता आला," मी म्हटलं.

"नाही. लवकर उडाला."

मग मला विचारावंच लागलं. "तोंड उलटं आहे हे तुले दिसलं नव्हतं?"

"हव," तो म्हणाला. "दिसलं होतं."

"मंग काहून नाही बोलला?"

तो बाभळीच्या शेंगा पायानं सरकवत होता. साठीचा माणूस, डोक्यावर केस नाहीत. "तू काढलं होतं, ताई," म्हणाला.

घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन रडले. वाफेला मी दोन महिने भीत होते. घरात तिच्याहून वाईट काही आहे आणि ते मीच साठ वर्षं तापवून ठेवलंय, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

काम बंद करावं म्हणून मी त्याला विनवलं. भावजय रडली, तीही माझ्याच बाजूने होती. तो ऐकेना. म्हणे चूक झाकणाची आहे, पिंपाची नाही, वाफ तर निघाली ना? निघाली, बाई, चांगली निघाली. नवीन झाकण करायचं ठरलं. नवीन कागद मी काढणार हेही त्यानं गृहीतच धरलं. मी मनाशी पक्कं केलं होतं, आता त्याला विचारायला लावायचं. म्हटलं, माझ्या प्रत्येक रेघेला काहून म्हणून विचारायचं, विचारलं नाहीस तर मी पेन्सिल ठेवून देईन. तो बरं म्हणाला. आणि तसं विचारायचाही, पण शाळेतला धडा म्हणावा तसं. हा पाय इथं काहून? हे भोक इथं काहून? मी सांगायची, तो मान हलवायचा. माझी भीती काही जाईना.

म्हणून परवा मी एक केलं. नवीन झाकणाचा कागद पूर्ण केला, श्री सरळ, अक्षरं सरळ, आणि व्हॉल्व्हचं तोंड मुद्दाम डावीकडे काढलं, पुन्हा खुर्चीकडे. काही बोलले नाही. सकाळी तो आला, चहा घेतला, कागद खिडकीशी धरून पाहिला. मी त्याच्या डोळ्यांकडे पाहत होते. ते वरून खाली आले, बोल्टांवरून गोल फिरले, आणि डावीकडे येऊन थांबले. चांगले थांबले. मी मनात म्हणत होते, बोल रे, बोल. त्यानं कागद गुंडाळला, त्याला रबर लावलं आणि म्हणाला, "मस्त झालं, ताई. भनपुरीले टाकून येतो."

मी उठले आणि दाराला कडी घातली. दारासमोर खुर्ची ओढून तिच्यावर बसले. म्हटलं, काय चुकलं ते सांग, मंगच जा. रागावून म्हटलं नाही, देवाशपथ, हात जोडून म्हटलं.

त्यानं रबर काढलं, कागद टेबलावर पसरला. बोट ठेवलं ते अगदी बरोबर त्या तोंडावर ठेवलं. ओठ हलले. मी वाट पाहिली. मग त्यानं बोट उचललं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून तो माझ्यासमोर उभा राहिला.